‘डेझर्ट वाईन’ला मराठीत काय म्हणायचं?

धरमपेठकर : आईबाबांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस आहे. जेवणानंतर छोट्या ग्लासात गोड वाईन द्यायचा विचार आहे, आणि मेनू मराठीत छापायचाय. ‘डेझर्ट वाईन’ला शब्द काय? ‘मिष्टान्नासव’ कसं वाटतं? शिवाय बाटली कोणती घ्यावी, तेही सांगा.

महालची काकू : ‘आसव’ नको रे बाळा. द्रव्यं न उकळता आंबवली की आसव, काढा करून आंबवला की अरिष्ट. आपल्याकडे द्राक्षासव म्हटलं की वैद्यांचं दुकान आठवतं. पाहुणे चमचा मागतील. जुनाच शब्द हवा तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘मृद्वीकारसो मधु’ आहे. मृद्वीका म्हणजे द्राक्ष, तिच्या रसाची मदिरा ती ‘मधु’. तिचा एक प्रकार ‘कापिशायन’. कापिशी म्हणजे आजच्या काबूलच्या उत्तरेचं बेग्राम, तिथून येणारी. हा शब्द साधायचं सूत्र पाणिनीनेही दिलंय. शब्द सुरेख आहे, पण आज ‘मधु’ छापलंस तर लोक मधच समजतील.

बर्डीवाला : राजेहो, शब्द नंतर पाहू, आधी लेबल वाचा. ‘ड्राय’ म्हणजे गोडी नसलेली, बस. वर्ध्याच्या दारूबंदीशी त्याचा संबंध नाही! गंमत फेसाळ वाईनमध्ये आहे. ‘एक्स्ट्रा ड्राय’ ही ‘ब्रूट’पेक्षा जास्त गोड असते. ब्रूटमध्ये लिटरला 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये 12 ते 17. खरी गोडी ‘डेमी-सेक’पासून, 32 ते 50 ग्रॅम. नाव वाचून उलटं घेणारे लई आहेत.

आणि ‘ऑरेंज वाईन’ दिसली तर हुरळून जाऊ नका. तिच्यात संत्रं नसतं. पांढरी द्राक्षं सालीसकट आंबवल्यानं तो रंग येतो आणि ती बहुधा गोडही नसते. ‘ऑरेंज मस्कॅट’ हीसुद्धा द्राक्षाचीच जात. मेनूवर नुसतं ‘संत्रा’ लिहिलं तर आपल्या गावात देशी दारूच समजतील, ते वेगळं.

नाशिकची लेक, नागपूरची सून : गोडी कुठून आली त्यावरून नाव पडलं तर निवड सोपी होते. माझ्या माहेरी ‘माल वेलीवर ठेवला’ म्हणतात, तसं द्राक्ष तोडणीच्या वेळेनंतरही वेलीवर राहू दिलं की साखर वाढते. ही ‘लेट हार्वेस्ट’. नाशिकच्या सुला कंपनीची ‘लेट हार्वेस्ट शेनॅन ब्लाँ’ याच प्रकारची (शेनॅन ब्लाँ ही द्राक्षाची जात; लेबलावर ‘लेट हार्वेस्ट’ बघूनच घ्या), पहिल्यांदा घेणाऱ्याला मी हीच सांगेन. इटलीची ‘विन सांतो’ म्हणजे बेदाण्यासारखी सुकवलेली द्राक्षं पिळून केलेली. जर्मनीची ‘आइसवाइन’ वेलीवरच गोठलेल्या द्राक्षांची. पाणी बर्फ होऊन मागे राहतं आणि दाट रस तेवढा निघतो. फ्रान्सच्या सोतर्नमध्ये तर बुरशी हवी असते! ती सालीला सूक्ष्म छिद्रं पाडते आणि द्राक्षातलं पाणी उडून जातं. हे ऐकून माझे बाबा म्हणाले होते, ‘आम्ही ती येऊ नये म्हणून फवारण्या करतो.’ पोर्तुगालच्या ‘पोर्ट’ वाईनमध्ये आंबण्याच्या मधेच ब्रँडी घालतात. आंबणं थांबतं, साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल 19-20 टक्क्यांवर जातं. वडीलधाऱ्यांना ही जड पडेल. त्यांना ‘मोस्काटो दास्ती’ द्या, साडेपाच टक्क्यांच्या आसपास, हलका फेस असलेली.

धरमपेठकर : ताई, सोबत पुरणपोळी की संत्रा बर्फी?

नाशिकची लेक, नागपूरची सून : पुरणपोळी तर अजिबात नको. पदार्थ वाईनपेक्षा गोड असला की वाईन आंबट आणि पाणचट लागते. बर्फीचीही तीच गत. त्यापेक्षा खारे काजू किंवा चीज ठेवा, मिठाई त्याआधी होऊ द्या. ‘जेवणानंतरची गोड वाईन’ एवढंच छापा, कोणालाही कळेल.

महालची काकू : मला पटलं. खाली बारीक अक्षरात ‘उशिरा तोडलेल्या द्राक्षांची’ असं लिही. बाटली छान गार करून उघड.

धरमपेठकर : उरली तर? अशा वाईन बऱ्याचदा 375 मिलीच्या अर्ध्या बाटलीत येतात, पण तीही संपेलसं वाटत नाही.

बर्डीवाला : बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा भाऊ. लेट हार्वेस्ट काही दिवस टिकते. मोस्काटोचा फेस मात्र लवकर बसतो, ती त्याच दिवशी संपवा.