पेनल्टी सिस्टिमबद्दल डेव्हलपरला सांगायचं कसं? शिव्या नको, पण गुळमुळीत पण नको

टर्बोलॅग

मंडळी सल्ला हवाय. मी जो रेसिंग गेम खेळतो (नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धागा 'तो गेम भारी की हा' वर जाईल) त्याच्या नव्या अपडेटनंतर ऑनलाइन पेनल्टीचं पार वाटोळं झालंय. मागून कोणीतरी ब्रेक न मारता येऊन आदळतो, मी सरळ गवतात, तो निघून जातो आणि वेळेची पेनल्टी (दंडाचे सेकंद) मला!! आमच्या लीगमधले सगळेच वैतागलेत.

एकाने त्यांच्या डिस्कॉर्डवर (गेमचा चॅट ग्रुप) 'ही सिस्टिम बनवणाऱ्याला घरी बसवा' असं लिहिलं तर तो म्यूट झाला. दुसऱ्याने एकदम सभ्य मेल टाकला तर 'तुमचा अभिप्राय टीमपर्यंत पोचवला आहे' असं ठरीव उत्तर आलं आणि पुढे काहीच नाही. म्हणजे शिव्या घातल्या तरी तेच आणि गोड बोललं तरी तेच.

आता सगळ्यांनी मिळून एक मोठं पत्र लिहायचा विचार आहे, त्यात पेनल्टी, एआय (कॉम्प्युटर चालवतो त्या) गाड्यांचा आंधळेपणा, टायर, मेनूचा गोंधळ, गाड्यांच्या किमती सगळंच एकदा मांडून टाकू असं चाललंय. कुठे पाठवायचं, कसं लिहायचं, कोणी असं काही करून खरंच फरक पडलाय का ते सांगा.

बॅकमार्कर

मोठं पत्र अजिबात नको भावा. पाच विषय एका पत्रात टाकले की वाचणाऱ्याला ते कोणाकडे द्यायचं तेच कळत नाही. पेनल्टीवाला माणूस वेगळा, मेनूवाला वेगळा, गाड्यांच्या किमती ठरवणारा तर बहुतेक वेळा तिसऱ्याच मजल्यावरचा. एक पोस्ट एक विषय, आणि शीर्षकातच काय झालं ते. 'पेनल्टी सिस्टिम बकवास' हे शीर्षक नाही. 'मागून धडक बसलेल्या गाडीला वेळेची पेनल्टी मिळते' हे शीर्षक, कारण उद्या दुसऱ्या कोणाला तेच झालं की तो शोधून तुझ्याच पोस्टखाली येईल आणि नवीन धागा काढणार नाही.

आणि आधी त्यांची माहीत असलेल्या बगांची यादी बघ, बऱ्याच गेमची असते. तिथे असेल तर तिथेच मत दे, आपली क्लिप जोड.

माजी_टेस्टर

मी काही वर्षं एका स्टुडिओत टेस्टिंग केलंय (मोबाइलचा रेसिंग गेम होता, तुम्हाला नाव पण माहीत नसेल), त्यामुळे आतून कसं दिसतं ते सांगतो.

पहिलं म्हणजे डिस्कॉर्डवर जो तुमच्याशी बोलतो तो कम्युनिटी मॅनेजर. त्याने कोडची एक ओळ लिहिलेली नसते आणि निर्णय पण त्याचा नसतो. त्याचं काम दिवसभराचं वाचून आत एक सारांश देणं. म्हणजे तुझी पोस्ट त्या सारांशात कॉपी-पेस्ट होण्यासारखी पाहिजे. 'घरी बसवा' हे तो कुठे चिकटवणार? ते गळूनच जातं, आणि त्याच्याबरोबर त्या पोस्टमधला खरा मुद्दाही गळतो, हे जास्त वाईट.

दुसरं, आत आलेली प्रत्येक तक्रार आधी एका प्रश्नातून जाते, हे बिघडलंय की आम्ही असंच ठरवलंय? बिघडलं असेल तर ते टेस्टरकडे येतं आणि टेस्टरला तो प्रकार स्वतःच्या मशीनवर घडवून दाखवावा लागतो. नाही घडला तर तिकीट (तक्रारीची नोंद) 'पुन्हा घडत नाही' म्हणून बंद. माझ्या हातून अशी किती बंद झालीत विचारू नका, लोक खोटं बोलत होते म्हणून नाही, पण कुठला मोड, कुठली गाडी, असिस्ट (गेमची चालवायला मदत) चालू का बंद, गेमचं व्हर्जन, पीसी का कन्सोल यातलं काहीच लिहिलेलं नसायचं. आणि मुद्दाम तसंच ठरवलेलं असेल तर ते डिझाइनवाल्याकडे जातं, तिथे क्लिपपेक्षा कारण लागतं, म्हणजे हा नियम असा असल्यामुळे लोक काय चुकीचं वागायला लागलेत ते.

आता तुझ्या पेनल्टीबद्दल. यात एक मेख आहे जी खेळणाऱ्यांना सहसा दिसत नाही. ऑनलाइन रेसमध्ये तुझ्या स्क्रीनवर दिसणारी दुसऱ्याची गाडी ही त्याची थोड्या वेळापूर्वीची जागा असते, मधलं अंतर गेम अंदाजाने भरतो. ताशी २०० किमीला गाडी सेकंदाला साधारण ५५ मीटर जाते. १०० मिलिसेकंदांचा लॅग (नेटमुळे होणारा उशीर) धरला तर साडेपाच मीटर झाले, म्हणजे अख्ख्या गाडीपेक्षा जास्त. आणि ब्रेकिंग झोनमध्ये तर अंदाज हमखास चुकतो, कारण गेमला वाटतं पुढचा अजून सरळच चाललाय आणि त्याने ब्रेक मारलेला असतो. त्यामुळे तुझ्या स्क्रीनवर त्याने तुला ठोकलं आणि त्याच्या स्क्रीनवर तूच मधे थांबलास, असं दोन्ही खरं असू शकतं.

म्हणून एका बाजूची क्लिप बघून टेस्टर म्हणतो 'लॅग असेल' आणि सोडून देतो. दोघांच्या क्लिपा पाहिजेत, एकाच धडकेच्या, शेजारी शेजारी. तुमची लीग आहे ना? मग मुद्दाम दोघं जाऊन एकमेकांना ठोका, सुरुवातीला हळू, मग जोरात, मग कडेने घासून, आणि कोणाला किती पेनल्टी येते ते लिहून काढा. असं एक पान आमच्याकडे आलं असतं ना तर मी त्या माणसाला जेवायला घातलं असतं.

नायट्रोनाना

सगळं ठीक आहे हो पण हे जरा जास्तच सोज्वळ होतंय. पैसे आम्ही द्यायचे, गेम आम्ही घ्यायचा आणि टेस्टिंगही आम्हीच फुकट करायचं? क्लिपा काढा, तक्ते करा, नमस्कार घाला.

ग्रॅन टुरिस्मो ७ आठवा. मार्च २०२२, १.०७ अपडेट. सर्व्हर तीस तासांपेक्षा जास्त बंद, आणि गेम जवळपास पूर्ण ऑनलाइनवर टांगलेला असल्याने एकट्याने खेळायचं म्हटलं तरी काही करता येईना. वरून रेसचं बक्षीस कापलं. तेव्हा लोकांनी काय केलं? मेटाक्रिटिकवर (रिव्ह्यू गोळा करणारी साइट) युजर स्कोर पार तळाला नेला. मग गेम बनवणाऱ्या यामाऊची साहेबांनी माफी मागितली, १० लाख क्रेडिट (गेममधले पैसे) वाटले आणि एप्रिलच्या अपडेटमध्ये बक्षिसं परत वाढवली. तक्ते पाठवून झालं असतं का हे?

बॅकमार्कर

नाना तुमचं उदाहरण बरोबर आहे पण त्यातलं अर्धंच सांगताय. तेव्हा सगळीकडे फिरत होतं ते नुसतं 'लुटारू' एवढंच नव्हतं, आकडे फिरत होते. फिशरमन्स रँचच्या रेसला आधी ६५,००० क्रेडिट मिळायचे ते ३०,००० केले. पोर्शे ९१९ हायब्रिड ३० लाखांची. म्हणजे एका गाडीसाठी तीच रेस शंभर वेळा, नाहीतर खरे पैसे मोजा. हे वाचलं की ज्याने गेम कधी पाहिला नाही त्यालाही कळतं. पत्रकारांनी उचललं, आणि मग कंपनीला गप्प बसता येईना. राग तर होताच पण रागाच्या हातात हिशेब होता.

फोर्झा मोटरस्पोर्टचं पण तसंच. ऑक्टोबर २०२३ ला आला तेव्हा प्रत्येक गाडीची लेव्हल वाढवल्याशिवाय पार्ट्स बसवता येत नव्हते. लोक बोंबलले, पण बहुतेकांचं म्हणणं एकच आणि स्पष्ट होतं, की गाडी बनवायला तासनतास तीच गाडी चालवावी लागते. जानेवारी २०२४ मध्ये टर्न १० ने (फोर्झाचा स्टुडिओ) स्वतःच लिहिलं की गाडीची प्रोग्रेशन, पेनल्टीचे नियम आणि एआय या मोठ्या तक्रारी आहेत, आणि मार्चमध्ये लेव्हलची ती अट काढली. बघा, तुमच्यासारखाच पेनल्टीचा मुद्दा त्या यादीत होता.

माजी_टेस्टर

नानांच्या 'फुकट टेस्टिंग' वर काही बोलता येत नाही, मुद्दा रास्त आहे. एवढंच म्हणतो की किमती आणि बक्षिसं हा निर्णय असतो, तो बदलायला दबाव लागतो, तिथे रिव्ह्यू खाली आणा, खरेदी थांबवा, काहीही करा. बग हा निर्णय नसतो. एक हजार लोक ओरडले तरी जोपर्यंत तो कोणाला घडवता येत नाही तोपर्यंत सुधारणार कसा? शिवाय कन्सोलवर पॅच तयार झाला तरी सोनी किंवा मायक्रोसॉफ्टच्या तपासणीतून जातो मगच येतो, त्यामुळे 'आठवडा झाला अजून काही नाही' हे ओरडणं वाया जातं.

क्लचवाली

थोडं वेगळं. टायर आणि स्टिअरिंगबद्दल लिहिणार असाल तर आधी स्वतःची बाजू तपासा प्लीज, मी आमच्या ग्रुपवर हे सांगून सांगून थकले. असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने या रेसिंग गेमला १.९ व्हर्जनमध्ये (२०२३) टायर बदलले तेव्हा कोरड्यातलं योग्य प्रेशर साधारण २६ ते २७ पीएसआयवर आलं, आधी ते साडेसत्तावीसच्या आसपास धरायचे. अर्धे लोक जुनाच सेटअप लोड करून 'गाडी बर्फावर चालल्यासारखी वाटते' म्हणून पोस्टी टाकत होते. तसंच फोर्स फीडबॅक (स्टिअरिंग व्हीलमधून हाताला येणारे धक्के) फुल वाढवून ठेवायचा, मग व्हीलची ताकद संपली की सगळे धक्के एकाच जोराने येतात, बारीक काही कळत नाही, आणि दोष गेमला.

आणि 'गाडी वळत नाही' हे पुरेसं नाही. वळणात शिरताना वळत नाही, मधे वळत नाही, की बाहेर पडताना गॅस दिला की पुढे सरकते? ब्रेक सोडल्यावर का ब्रेकवर असताना? ट्रॅक आणि वळण सांगा. त्यासाठी इंजिनिअर असायला लागत नाही, फक्त तेच वळण परत परत मारून बघायला लागतं. बऱ्याच गेममधून टेलिमेट्री (वेग, ब्रेक, गॅसची नोंद) बाहेर काढता येते, तो आलेख जोडला तर मग बोलायलाच नको. भाषेची पण भीती नको, साधं तुटकं इंग्रजी चालतं, क्लिप स्वतःच बोलते.

अजून एक, जे मिळणारच नाही ते मागण्यात जोर घालवू नका. खऱ्या कंपनीच्या गाड्या असतात तिथे गाडी किती चेपलेली दाखवायची हे बऱ्याचदा त्या कंपनीच्या परवान्यावर असतं. लायसन्स संपलं की गेमच दुकानातून जातो, फोर्झा होरायझन ४ डिसेंबर २०२४ मध्ये असाच गेला.

नायट्रोनाना

ताई गेम दुकानातून जाणं वेगळं आणि विकत घेतलेला गेम बंद पाडणं वेगळं. द क्रू चे सर्व्हर युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ ला बंद केले, डिस्क हातात असली तरी गेम चालत नाही. आता तिथे कुठली क्लिप जोडणार?

क्लचवाली

तिथे क्लिप नाहीच नाना, तिथे कायदा. आणि ते लोकांनी केलं की. त्याच प्रकरणावरून 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहीम उभी राहिली, ग्राहक म्हणून तक्रारी कशा करायच्या ते लोकांना सांगितलं, युरोपात नागरिकांची अधिकृत याचिका काढली आणि २०२५ च्या जुलैत तिच्यावर १० लाख सह्या पार झाल्या. पहिला क्रू परत आला नाही हे खरं, पण क्रू २ आणि मोटरफेस्टला ऑफलाइन मोड देऊ असं युबिसॉफ्टने २०२४ मध्येच जाहीर केलं. त्यात कोणी कोणा प्रोग्रॅमरच्या पर्सनल अकाउंटवर जाऊन धमक्या देण्याची गरज नव्हती. तेवढं एक मात्र कुठल्याच कारणासाठी नाही. सर्व्हर बंद करायचा निर्णय त्याचा नसतोच.

रम्बलस्ट्रिप

मधेच घुसतो. आयरेसिंग या ऑनलाइन रेसिंग गेममध्ये कोणी मुद्दाम ठोकलं तर रिप्ले जोडून प्रोटेस्ट (तक्रार) करता येतो आणि खरा माणूस तो बघून निर्णय देतो. म्हणजे आपोआप पेनल्टी कधीच शंभर टक्के बरोबर येणार नाही हे तिथे धरूनच चाललेत. टर्बो तुमच्या पोस्टमध्ये ही मागणी पण टाका की पेनल्टी बरोबर जमत नसेल तर निदान रेसनंतर तक्रार करायची सोय द्या. नुसतं काय चुकलं सांगून थांबू नका. पण उपाय एका ओळीत, त्यांना सगळी सिस्टिम डिझाइन करून देऊ नका, ते त्यांना आवडत नाही.

टर्बोलॅग

भारी. मोठं पत्र रद्द. काल रात्री मी आणि लीगमधल्या एकाने प्रायव्हेट लॉबीत (फक्त आपल्यापुरती ऑनलाइन रेस) एकमेकांना ठोकायचा कार्यक्रम केला (फार मजा आली ते वेगळंच). कच्चा मसुदा टाकतोय, चिरफाड करा:

'मागून धडक बसलेल्या गाडीला वेळेची पेनल्टी मिळते. नवीन अपडेट, पीसी, प्रायव्हेट लॉबी, दोन खेळाडू, दोघांकडे व्हील, असिस्ट बंद. सरळ रस्त्याच्या शेवटी ब्रेकिंग झोनमध्ये मागच्या गाडीने धडक दिली. पुढची गाडी ट्रॅकवरच राहिली तर पेनल्टी मागच्याला, बरोबर. पण पुढची गाडी धडकेने बाहेर जाऊन वळण कापून परत आली तर पेनल्टी नेहमी पुढच्याला आणि मागच्याला काहीच नाही. म्हणजे धडकेचा नियम आणि ट्रॅक कापायचा नियम एकमेकांशी बोलत नाहीत असं वाटतं. परिणाम असा की लॉबीत लोक मुद्दाम वळणाच्या आतल्या बाजूला ढकलायला लागलेत. दोन्ही बाजूंच्या क्लिपा जोडल्या आहेत. मागणी: धडकेनंतर काही सेकंद ट्रॅक कापल्याची पेनल्टी थांबवावी, किंवा रेसनंतर तक्रार करता यावी.'

लीगमधले सगळे खाली आपापल्या क्लिपा टाकतील. ठीक आहे ना?

माजी_टेस्टर

अरे हे तर तू बगच शोधून दिलास. आता कळलं ना लॅगचा प्रश्नच नव्हता, मी म्हणालो होतो ते इथे लागू नाही. दोन गोष्टी. 'नेहमी' काढ, किती वेळा केलं आणि त्यातलं किती वेळा झालं ते आकड्यात लिही. आणि 'नवीन अपडेट' नको, मेनूच्या कोपऱ्यात व्हर्जन नंबर असतो तो पूर्ण टाक. दोघांचं पिंग (लॅगचा आकडा) पण लिही म्हणजे कोणी लॅगवर ढकलून मोकळा होणार नाही.

नायट्रोनाना

आणि तीन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर इथे सांग, मग रिव्ह्यूत हीच पोस्ट क्लिपांसकट टाकू सगळे. मी पण टाकीन, गेम माझ्याकडे पण आहे, मला पण कालच ठोकलाय एकाने.

बॅकमार्कर

नाना ते मी होतो बहुतेक. हिरवी गाडी?