मेंदूच्या भागांसमोर मानसिक कार्ये कशी लिहावीत? मार्गदर्शन हवे आहे

सर्वांना नमस्कार. मी कोल्हापुरात बारावीला मानसशास्त्र शिकवते. वर्गात लावण्यासाठी मेंदूच्या आकृतीचा मोठा फ्लेक्स करायला घेतला आहे. शाहूपुरीतल्या छपाईवाल्याकडे मजकूर देण्यापूर्वी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

नेहमीच्या तक्त्यांत एका भागासमोर एकच शब्द असतो: ब्रोका क्षेत्र म्हणजे बोलणे, हिप्पोकॅम्पस म्हणजे स्मृती, अमिग्डला म्हणजे भीती. मुले ते पाठ करतात, गुणही मिळवतात. पण पुरावे वाचू लागले की या जोड्या टिकत नाहीत. फ्रेंच वैद्य पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये तपासलेल्या रुग्णाला ‘टॅन’ एवढाच उच्चार जमत असे. पॅरिसमध्ये जतन केलेल्या त्याच्या मेंदूच्या एमआरआयवरील अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात इजा पृष्ठभागापुरती नसून आतल्या, दूरचे भाग जोडणाऱ्या तंतूंपर्यंत पोहोचलेली दिसली. १९५३ मध्ये अपस्मारासाठी दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढलेल्या एच. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाला नवे प्रसंग लक्षात राहत नसत, तरी आरशात पाहून चांदणी गिरवताना त्याचा हात दिवसागणिक सुधारत गेला, आणि हे आपण आधी केले आहे याची त्याला आठवण मात्र नसे. मग त्या चौकटीत नुसते ‘स्मृती’ कसे लिहायचे?

अमिग्डलापाशी तर मी अडलेच आहे. दोन्ही अमिग्डला नष्ट झालेल्या एस. एम. या महिलेला सापांची भीती वाटत नसे. परंतु कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढवलेली हवा श्वासात गेल्यावर ती अत्यंत घाबरली, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

एफएमआरआयच्या, म्हणजे एखादे काम करताना मेंदूचा कोणता भाग सक्रिय होतो हे दाखवणाऱ्या स्कॅनच्या, चित्रांची अडचण वेगळी आहे. वेदना, किळस, चव, हृदयाचे ठोके जाणवणे या सगळ्यांत इन्सुला हा मेंदूचा भाग सक्रिय दिसतो, त्यामुळे तो सक्रिय आहे एवढ्यावरून त्या व्यक्तीला किळसच आली असे म्हणता येत नाही.

म्हणून प्रत्येक भागासमोर ‘इजा झाल्यास काय बिघडते’ आणि ‘कोणते काम करताना सक्रिय दिसतो’ असे दोन रकाने ठेवावेत, असे मला वाटते. अत्यावश्यक भाग आणि केवळ सहभागी भाग यांतला फरक मुलांना त्यातूनच दिसेल. ही विभागणी शास्त्रीयदृष्ट्या योग्य आहे का? भागांना जोडणारी जाळी त्याच आकृतीत कशी दाखवावीत? आणि अमिग्डलासमोर नेमके कोणते वाक्य लिहावे, जे खरेही असेल आणि बोर्डाच्या परीक्षेत मुलांना अडचणीतही आणणार नाही?