'खोरे' हा एक शब्द की दोन?

नीराकाठ (चर्चाप्रस्ताव)

भोरकडे आमच्या शेतावर आलेली सात वर्षांची एक पाहुणी वाटेत 'कृष्णा खोरे विकास महामंडळ' ही पाटी वाचून म्हणाली, "बलरामाकडे नांगर होता, पण कृष्णाकडे खोरे कधी होते?" मी हसलो खरा, परंतु उत्तर देता आले नाही.

त्या रात्री उसाला दारे धरताना उत्तर सुचले. पाटाचे पाणी एका सरीत पुरेसे झाले की खोऱ्याने पुढच्या सरीचे तोंड फोडायचे आणि त्याच ओल्या मातीने मागचे तोंड बुजवायचे, असे पहाटेपर्यंत चालते. खोऱ्याचे पाते धरणाऱ्याकडे वळलेले असते, त्यामुळे त्याने माती ढकलता येत नाही, ती आपल्याकडे ओढावी लागते. 'पैसा खोऱ्याने ओढणे' या वाक्प्रचारात 'ओढणे' हेच क्रियापद का आले, हे खोरे हातात घेतलेल्याला सांगावे लागत नाही. नदीसुद्धा दोन्ही बाजूंच्या डोंगरांवरून पाणी आणि माती आपल्याकडे ओढून घेते. म्हणून अवजार आणि नदीचा प्रदेश या दोहोंसाठी आपण वापरतो तो शब्द एकच आहे, आणि पाटबंधाऱ्याच्या कारभारात त्याला दुसरा प्रतिशब्द शोधण्याचे कारण नाही, असे माझे मत आहे.

जुना मुद्रितशोधक

कल्पना देखणी आहे, पण तिला व्युत्पत्ती म्हणता येणार नाही. दोन वस्तूंमध्ये साम्य दाखवता आले म्हणजे त्यांची नावे एका मुळातून आली असे होत नाही. तसे असते तर वाक्यातले 'पद' आणि कचेरीतले 'पद' यांवरही कोणी एखादी नदी वाहवली असती. शिवाय खोरे हे खोदण्याचे अवजार आहे का, हा प्रश्न उरतोच. खोदते ती कुदळ किंवा टिकाव. सुटी झालेली माती घमेल्यात ओढण्याचे काम खोऱ्याचे. दरीचे नाव खणण्यावरून पडले म्हणावे तर अवजार चुकीचे निवडले गेले, आणि ओढण्यावरून पडले म्हणावे तर ओढ्याला 'ओढा' म्हणून भाषेने ते काम आधीच उरकले आहे.

बोलणारा माणूस या दोन अर्थांची गल्लत कधीच करीत नाही, हेही पाहावे. अवजार बहुधा 'खोऱ्याने' असे येते आणि प्रदेश 'खोऱ्यात' असा. माझ्या मते हे दोन शब्द आहेत आणि कोशात त्यांच्या नोंदी वेगळ्या असाव्यात.

नीराकाठ

'हाताने' आणि 'हातात' असे म्हणतो म्हणून हात दोन प्रकारचे होत नाहीत. विभक्तीचा मुद्दा मला पटला नाही. ओढ्याचा मात्र बिनतोड आहे.

सीनाकाठ

शब्दाचे मूळ कोणते याच्याशी मला कर्तव्य नाही. त्याचा अर्थ किती ताणावा याच्याशी आहे. मावळात रोहिडखोरे, मुठे खोरे, मोसे खोरे, कानद खोरे ही नावे ज्या प्रदेशांना पडली, ते दोन डोंगररांगांमधले चिंचोळे पट्टे आहेत. एका धारेवर उभे राहिले तर समोरची धार दिसते, आणि तेवढ्या टापूला खोरे म्हणणे शोभते. मात्र तोच शब्द आता सुमारे 2,59,000 चौरस किलोमीटरच्या कृष्णेच्या संपूर्ण प्रदेशाला लावला जातो, ज्यात सोलापूरचे माळरान येते आणि मुसी नदीमुळे हैदराबादही येते.

आमचा परांडा तालुका सीना आणि भीमेमार्गे कृष्णेच्या खोऱ्यात मोडतो, पण गावात कोणालाही विचारा, मराठवाडा म्हणजे गोदावरी असेच उत्तर मिळेल. पाणीवाटपाच्या बैठकीत मी स्वतः ऐकले आहे, की "आपण कुठे खोऱ्यात राहतो? आपण तर माळावर राहतो." बोलणाऱ्याची भाषा बिनचूक होती, कारभाराची नव्हती. हक्काचे पाणी ज्या शब्दावर मोजले जाते तो शब्द ऐकणाऱ्याला आपला वाटत नसेल, तर 'नदीक्षेत्र' यासारखा नवा शब्द का घेऊ नये?

पाटकरी

नोकरी कालव्यावर झाली असल्याने लिहितो. 1969 साली नेमलेल्या कृष्णा पाणीतंटा लवादापासून आजपर्यंत राज्याराज्यांमधला सगळा हिशेब खोरे हाच घटक धरून झाला आहे. पुढे 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्याने पाटबंधारे महामंडळांना नदीखोरे अभिकरणांचे काम दिले. 'खोरे' आणि 'उपखोरे' हे शब्द नकाशांवर, पाणीपट्टीच्या कागदांवर आणि निवाड्यांत रुजलेले आहेत. 'नदीक्षेत्र' म्हटले तर निम्मे लोक नदीचे पात्र समजतील आणि उरलेले तीर्थक्षेत्र.

तरीही सीनाकाठ यांच्या तक्रारीत तथ्य आहे. 1996 साली स्थापन झालेल्या कृष्णेच्या महामंडळाच्या इंग्रजी नावात 'व्हॅली' आहे, तर लवादाच्या निवाड्यात 'बेसिन'. इंग्रजीने दोन शब्दांत सांगितलेल्या गोष्टी आपण एकाच शब्दात भरल्या.

जुना मुद्रितशोधक

म्हणजे एकाच्या दोन नोंदी मागत होतो, त्या आता तीन कराव्या लागणार: अवजार, दरी आणि पाणी मोजण्याचा प्रदेश.

नीराकाठ

पहिली नोंद मी लिहून देतो, कारण खोऱ्याचा दांडा कालपासून सैल झाला आहे आणि पाचर मारून ते पाण्यात भिजत घातले आहे. सीनाकाठ यांचा आक्षेप तिसऱ्या अर्थापुरता मान्य करतो. पहिले दोन अर्थ वेगळे आहेत, हे अजून मान्य नाही.

सीनाकाठ

माझा आक्षेप तिसऱ्या अर्थापुरताच होता. पुढच्या बैठकीच्या सूचनेत 'कृष्णा खोरे' याच्यापुढे 'परांड्यासह' एवढा एक शब्द घालावा, अशी विनंती मी आज लेखी दिली आहे.