चर्चा: आरोपींचा रस्त्यावरून ‘जुलूस’ – धाक बसतो की खटला बिघडतो?

रामबागकर
इंदुरात चाकूबाजी झाली किंवा हप्त्यासाठी दुकानदाराला कोणी मारलं, की दोन-तीन दिवसांत त्याच वस्तीतून आरोपी पायी फिरवले जातात. लंगडणारे, गुडघ्याला पट्टी, कधी डोकी भादरलेली, कान धरून ‘अपराध करना पाप है, पुलिस हमारी बाप है’ म्हणणारे. तासाभरात व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर. मग आपला वाद ठरलेला: टीआय (ठाणेदार) खमका आहे की चमकोगिरी करतोय? टीआयच्या मनात काय आहे ते कुणालाच दिसत नाही, त्यामुळे त्यावर कितीही भांडता येतं. कागदावर काय आहे ते मात्र तपासता येतं.

ठाण्याच्या सान्ह्यात (रोजच्या नोंदवहीत) ‘जुलूस’ असा शब्द कधीच नसतो. नोंद असते ‘घटनास्थळ तस्दीकीसाठी (खातरजमेसाठी) आरोपीसह रवाना’. आता बघा. नजरी नकाशा (जागेचा कच्चा आराखडा) बहुतेक वेळा फिर्यादीनं जागा दाखवून आधीच काढलेला असतो. भर चौकात दहाजणांसमोर चाकू चालला असेल तर आरोपीनं तस्दीक नेमकी कशाची करायची? आरोपीनं लपवलेलं काही काढून द्यायचं असेल, चाकू, मोबाइल, गाडी, तर साक्ष अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे मेमोरेंडम (आरोपीचं लेखी निवेदन) होतो, पंच घेतले जातात, जप्तीचं चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ खाली होऊन मॅजिस्ट्रेटकडे जातं. तस्दीक झाली पण मेमोरेंडम नाही, जप्ती नाही, पंच नाहीत, फक्त रील आहे, तर हेतूबद्दल वेगळा पुरावा कशाला हवा?

आणि कायद्याचं म्हणाल तर २०२० मध्येच आपल्या उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठानं सांगितलंय की संशयिताला लोकांत फिरवणं, त्याचा फोटो ओळख पटेल असा माध्यमांत देणं, हा संविधानाच्या कलम २१ चा भंग आहे.

जुनी_इंदूर
काका, निकाल वाचायला छान वाटतात. ज्याच्या दुकानाची काच फुटली त्याची बाजू घ्या जरा.

चाकूच्या साध्या जखमेला न्याय संहितेचं कलम ११८(१) लागतं, जास्तीत जास्त तीन वर्षं. सात वर्षांच्या आतलं असल्यामुळे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची (हजर राहण्याची) नोटीस पुरते, अटक करायची तर विवेचकानं (तपास अधिकाऱ्यानं) कारणं लिहायची. एमवायच्या (सरकारी इस्पितळाच्या) एक्स-रेत हाड तुटलेलं निघालं तर कलम वाढतं, नाही तर तो पोरगा आठवड्यात त्याच नाक्यावर चहा पितो आणि फिर्यादीकडे बघून हसतो. साक्षीदार फुटतात ते कोर्टात नाही, या हसण्यापाशी. जुलूस निघाला की त्याची मुहल्ल्यातली दादागिरी उतरते आणि घाबरून गप्प बसलेले लोक त्याच्याविरुद्ध दुसरी-तिसरी तक्रार द्यायला येतात. हा हेतू वाईट आहे का?

शिवाय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३७ बघा. अटक झालेल्याचं नाव, पत्ता, गुन्ह्याचं स्वरूप ठाण्यात ठळकपणे लावायचं, डिजिटलसुद्धा चालेल, असं कायदाच म्हणतो. म्हणजे लोकांना कळावं हे कायद्यालाही मान्य आहे.

फौजदारी
कलम ३७ मध्ये नाव-पत्ता आहे. चेहरा नाही, आणि चालवणं तर नाहीच. त्या कलमाचा उपयोग नातेवाइकांना होतो: माणूस नेमका कुठल्या ठाण्यात आहे ते कळावं.

पण जुलूसवाल्यांचाच तोटा कुठे होतो ते सांगतो, कारण हे कोणी लक्षात घेत नाही. चेन ओढली, मोबाइल हिसकावला, रात्री लूटमार झाली: फिर्याद ‘अज्ञात’विरुद्ध असते. अशा केसमध्ये सगळी भिस्त शिनाख्त परेडवर (ओळख परेडवर). पद्धत अशी: अटकेपासून आरोपी बापर्दा ठेवायचा, म्हणजे तोंड झाकलेलं. केस डायरीत आणि अटक पत्रकात तसं लिहायचं. कोर्टात नेताना, जेलमध्ये दाखल करतानाही तसंच. मग नायब तहसीलदार जेलमध्ये परेड घेतो. त्याच वयाची, अंगकाठीची माणसं मध्ये मिसळतात, पोलीस तिथे थांबत नाहीत, आणि साक्षीदार हात लावून ओळखतो.

आता हाच आरोपी परवा चौकातून फिरला आणि फिर्यादीच्या फोनवर त्याचा व्हिडिओ आला. उलटतपासणीत एकच प्रश्न: ‘परेडच्या आधी तुम्ही याला मोबाइलवर पाहिलं होतं का?’ हो म्हटलं तर परेड गेली. नाही म्हटलं तर बचाव पक्ष वर्तमानपत्राचा फोटो पुढे करतो आणि साक्षीदारच खोटा पडतो. नंतर कोर्टात उभं राहून ओळखणं हा मूळ पुरावा खरा, पण दोन वर्षांनी पहिल्यांदाच ओळखलं तर त्याला आधार काय उरतो? आरोपी सुटतो आणि लोक कोर्टाला शिव्या देतात.

बंदोबस्त
वकीलसाहेब, अर्धंच सांगितलंत. वस्तीतल्या गुंडाची एफआयआर नामजद (नावानिशी) असते. फिर्यादी त्याला लहानपणापासून ओळखतो, तिथे शिनाख्त परेड लागतच नाही. जुलूस निघतात ते बहुतेक अशाच नामजद पोरांचे, म्हणून तुमचा मुद्दा चेन स्नॅचिंगला लागू, हप्तावसुलीला नाही.

दुसरं, तुम्ही सगळे टीआयच्या डोक्यात शिरताय पण त्याच्या टेबलावर काय आहे ते बघत नाही. सकाळी सीएम हेल्पलाइन १८१ च्या प्रलंबित तक्रारींची यादी. पहिल्या पातळीवर (एल-१) सुटली नाही तर एल-२, मग ३, मग ४, आणि दर महिन्याला ग्रेडिंग. तक्रारदार ‘संतुष्ट’ म्हणेपर्यंत फोन. मंगळवारी जनसुनवाई. संध्याकाळी बंदोबस्त. विवेचना रात्री, आणि चालान (आरोपपत्र) ६० किंवा ९० दिवसांत नाही गेलं तर आरोपीला मागताच जामीन. २००६ च्या प्रकाश सिंह निकालात सुप्रीम कोर्टानं तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळी करायला सांगितलं, ठाणेदाराला दोन वर्षं हलवू नका म्हटलं. इथे एक व्हिडिओ उलटा गेला तर रात्रीत लाइन अटॅच, म्हणजे ठाण्यावरून काढून पोलीस लाइनीत. ज्याला उद्याची खात्री नाही, तो आजच दिसेल असं काम करणार. मी समर्थन करत नाहीये, पण याला हेतू म्हणायचं की हिशेब?

रामबागकर
हिशेब म्हणा. तो चुकीचा आहे एवढंच माझं म्हणणं. हातकड्यांचं पण सांगा की. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३(३) मध्ये हातकडी आता चालते, पण ठरावीक गुन्ह्यांत (सराईत आरोपी, कोठडीतून पळालेला, बेकायदा शस्त्र, खून, संघटित गुन्हेगारी वगैरे) आणि फक्त अटक करताना किंवा कोर्टात हजर करताना. ‘तस्दीक’ त्या यादीत नाही.

न्यायवैद्यक
पट्ट्यांबद्दल कोणीच बोललं नाही. ‘पळताना पडला’, ‘बाथरूममध्ये घसरला’ हे दोन खुलासे दर वेळी असतात, आणि ते खरेसुद्धा असू शकतात. ठरवायचं जखमेवरून.

माणूस पडतो तेव्हा हाडं वर आलेल्या जागी खरचटतं: तळहात, कोपर, गुडघा, हनुवटी. जखमेत धूळ-खडे असतात. पोटरीच्या मागे, नितंबांवर, मांडीच्या मागच्या बाजूला, तळपायांवर पडून सहसा मार लागत नाही. काठीचा वळ तर सरळ ओळखू येतो: दोन समांतर लाल रेषा आणि मध्ये फिकट पट्टा, कारण दाबाखालचं रक्त दोन्ही कडांना सरकतं. रंगावरून वयाचा अंदाजही येतो. ताजा लाल, पहिल्या तीन दिवसांत निळसर, चौथ्याच्या सुमारास काळपट-तपकिरी, पाच-सहा दिवसांनी हिरवट, आठवड्यानंतर पिवळा. सावळ्या कातडीवर हे नीट दिसत नाही, म्हणून रंगावर सगळं सोडू नये. पण ‘आज सकाळी पळताना पडला’ असं लिहिलंय आणि वळ हिरवा आहे, तर त्याची अटक कागदावरच्या तारखेआधी झाली का, हा प्रश्न डॉक्टरनं नाही तरी मॅजिस्ट्रेटनं विचारायला हवा.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ नुसार अटकेनंतर लगेच मुलाहिजा (वैद्यकीय तपासणी), जखमा आणि त्यांची अंदाजे वेळ लिहायची, आणि अहवालाची प्रत आरोपीला किंवा तो सांगेल त्या माणसाला द्यायची. डी. के. बसू निकालापासून (१९९६) कोठडीत दर ४८ तासांनी तपासणीही आहे. गडबड होते ती खोलीत. शिपाई शेजारीच उभा असतो, डॉक्टर विचारतो ‘काही त्रास?’, आरोपी शिपायाकडे बघून ‘नाही’ म्हणतो, आणि अहवालात येतं ‘ताजी जखम नाही’. कपडे काढून पाठीमागून बघायला पाच मिनिटं लागतात.

सुदामानगर
गुंडाच्या पाठीवरच्या रंगांचा एवढा अभ्यास, आणि ज्याचं पोट फाडलं त्याचा?

न्यायवैद्यक
त्याचा जास्त करतो. त्याच्या एमएलसीत (डॉक्टरच्या जखम-अहवालात) जखमेची लांबी, रुंदी, खोली, शरीरावरची नेमकी जागा आणि हत्याराचा प्रकार नीट लिहिला तरच ११८(१) चं १०९ होतं, म्हणजे जिवे मारण्याचा प्रयत्न. पोलिसांनी ती क्वेरी, ‘ही जखम या चाकूनं शक्य आहे का, जिवाला धोका होता का’, जप्त चाकू पाठवून लेखी विचारायची असते. बऱ्याच फायलींत ती शेवटच्या आठवड्यात जाते, किंवा जातच नाही.

जुनी_इंदूर
बरं, जुलूस बंद. मग उद्या सकाळी त्या पोरानं नाक्यावर उभं राहू नये यासाठी काय आहे तुमच्याकडे? ‘कायद्याचं राज्य’ सोडून काहीतरी सांगा भिया.

रामबागकर
आहे की, पण त्यात रील निघत नाही.

एक, बाउंड ओव्हर. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली एक वर्षापर्यंत शांततेचा, सराईत असेल तर १२९ खाली तीन वर्षांपर्यंत चांगल्या वर्तणुकीचा बंधपत्र. मुदतीत पुन्हा गुन्हा केला की कलम १४१ लावून उरलेली मुदत जेलमध्ये. इथे पोलिसांची चूक ठरलेली: बंधपत्र करून घेतात आणि विसरतात. नवा गुन्हा घडला तेव्हा जुना बंधपत्र चालू आहे का हे रजिस्टरमध्ये बघतच नाहीत.

दोन, जामीन रद्दचा अर्ज, कलम ४८३(३). फिर्यादीला धमकावलं की त्याची वेगळी एफआयआर करायची आणि ती जोडून सत्र न्यायालयात जायचं. नुसत्या ‘दहशत आहे’ या वाक्यावर जामीन रद्द होत नाही.

तीन, चाकूची जप्ती नीट. शस्त्र नियमांप्रमाणे शस्त्र ठरायला पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद हवं, घरगुती वापराचा चाकू नको. पंचनाम्यात पट्टी लावून मोजमाप नाही, जागेवर सील नाही, पंच तेच दोघे जे ठाण्याच्या प्रत्येक केसमध्ये सही करतात. मग केस पडणारच. त्यानंतरही हटला नाही तर १९९० च्या राज्य सुरक्षा अधिनियमाखाली जिलाबदर (तडीपारी), वर्षापर्यंत.

बंदोबस्त
हे सगळं होतं. आणि डिसेंबर २०२१ मध्ये कमिशनर प्रणाली आल्यापासून प्रतिबंधात्मक कारवाईसाठी एसडीएमकडे (महसूल अधिकाऱ्याकडे) फाइल फिरवावी लागत नाही, एसीपीच्याच (सहायक पोलीस आयुक्ताच्याच) कोर्टात चालते.

फौजदारी
तिथेच तर दुखणं आहे. इस्तगासा (कारवाईचा अर्ज) ठाण्याचा, सुनावणी त्याच खात्याच्या अधिकाऱ्यापुढे. आधी निदान महसूल खात्याचा माणूस मध्ये असायचा. म्हणून तिथे कागद जास्त चोख हवा: कलम १३० ची लेखी कारणं, १३५ ची चौकशी, आणि ती सहा महिन्यांत संपली नाही तर प्रकरण आपोआप संपतं. तारखा वाढवत बसलं की गुंड सुटला. त्याबद्दल कोणाचा जुलूस निघत नाही.

डीव्हीआर
सगळे म्हणतात ‘ठाण्याचे कॅमेरे बघा’. बघा, पण लवकर. परमवीर सिंह सैनी निकालात (डिसेंबर २०२०) कॅमेरे कुठे हवेत ते दिलंय: प्रवेशद्वारं, सगळे लॉकअप, कॉरिडॉर, निरीक्षकाची खोली, ठाण्याची मागची बाजू. आवाज आणि रात्रीचं चित्रण हवं, साठवण १८ महिने, जमलंच नाही तर निदान एक वर्ष. चालू ठेवायची जबाबदारी ठाणेदाराची.

आता गणित. एका कॅमेऱ्याला बेताची १ एमबीपीएस धरली तरी दिवसाला १०.८ जीबी. बारा कॅमेरे, साधारण १३० जीबी. वर्षाचे ४७ टीबीच्या वर. डीव्हीआरमध्ये (चित्रण साठवणाऱ्या यंत्रात) ४ टीबीची एकच डिस्क असेल तर महिनाभरात जुनं पुसून नवं चढतं. त्यासाठी कोणाचा कट लागत नाही, मशीन स्वतःच करतं. म्हणून अर्ज पहिल्या आठवड्यात, तारीख-वेळ आणि कॅमेऱ्याची जागा लिहून, ‘फुटेज जतन करा’ या शब्दांत, पावती घेऊन. ‘फुटेज द्या’ लिहिलं तर देता येतं की नाही यावरच महिना जातो. कॅमेरा बंद होता असं उत्तर आलं तर बिघाडाची नोंद आणि दुरुस्तीचा पत्रव्यवहार मागा. दोन्ही तारखा बरंच बोलतात.

जुनी_इंदूर
आणि समजा सगळं सिद्ध झालं. लंगडणारा पोरगा बाथरूममध्ये घसरलाच नव्हता. पुढे? टीआय लाइनमध्ये, तीन महिन्यांनी दुसरं ठाणं.

फौजदारी
लाइन अटॅच ही शिक्षाच नाही, पगार चालू राहतो. खरं कलम न्याय संहितेचं १२० आहे: कबुली काढायला दुखापत केली तर सात वर्षांपर्यंत, गंभीर असेल तर दहा. पण नागरिक सुरक्षा संहितेच्या १७५(४) मुळे मॅजिस्ट्रेटनं तपासाचा आदेश द्यायच्या आधी वरिष्ठांचा अहवाल आणि त्या अधिकाऱ्याचं म्हणणं बघायचं असतं. मग कलम २१८ ची खटल्याची मंजुरी. सरकारनं १२० दिवसांत ठरवलं नाही तर मंजुरी दिली असं धरलं जातं, ही एक सोय नवी आहे. ती वापरायची तर अर्ज सरकारकडे पोहोचल्याच्या तारखेचा पुरावा जपावा लागतो, कारण दिवस तिथून मोजतात.

बंदोबस्त
आणि त्या १२० दिवसांत फिर्यादीला ‘समझोता करून घे’ सांगायला कोण जातं, तेही लिहा. टीआय स्वतः जात नाही. बीटचा शिपाई जातो, आणि चौकशीत नावही त्याचंच येतं.