किचनमधला पॉवर पॉइंट हलवायचाय, वायर भिंतीत कशी लपवावी?

सिडकोची_ताई:
नमस्कार, सिडकोतला आमचा फ्लॅट जुना आहे, १६ अँपिअरचा पॉइंट बरोबर सिंकच्या नळावर आहे, भांडी घासताना त्यावर पाणी उडतं आणि सासूबाई ओल्या हातानेच मिक्सरचं बटण दाबतात, रोज धडकी भरते. तो ओट्याच्या दुसऱ्या टोकाला फ्रीजकडे न्यायचाय. वायरमन म्हणतो जुन्या वायरलाच जोड देऊन टेप मारतो, भिंतीत तिरकी झिरी (वायरसाठी खाच) पाडतो म्हणजे वायर कमी लागते, वरून प्लास्टर करून टाइल लावून टाकतो. पटत नाहीये, पण त्याला नेमकं काय सांगू?

पंचवटीचा_वायरमन:
ताई, जोड भिंतीत गाडू देऊ नका. जोड ढिला झाला की तिथे वायर तापते आणि प्लास्टरच्या आत काही दिसत नाही, वासही उशिरा येतो. बहुतेक फ्लॅटमध्ये वायर वरून खाली येते, म्हणून वरच्या जंक्शन बॉक्समधून (जिथे वायरी एकत्र येतात तो डबा) नवीन जागी सरळ खाली पाइप उतरवायचा आणि वायर अखंड ओढायची. सगळ्यात चांगलं म्हणजे थेट डीबीपासून (घरातला सगळ्या लाइन निघतात तो मुख्य बोर्ड) स्वतंत्र लाइन, तांब्याची, आयएसआय मार्क असलेली, निदान २.५ स्क्वेअर मिमी जाडीची आणि ओव्हन वगैरे लावणार असाल तर ४ ची. २३० व्होल्टवर १६ अँपिअर म्हणजे ३६८० वॅट, एकाच पॉइंटवर ओव्हन आणि किटली दोन्ही चालवलं तर तेवढं सहज भरतं.
तिरकी झिरी तर अजिबात नको! उभी नाहीतर आडवीच, कारण उद्या कोणी वॉटर फिल्टर लावायला ड्रिल घेऊन आला तर बोर्डाच्या सरळ वर वायर असणार हे तो समजू शकतो, तिरकी कुठून गेली कुणाला कळणार? कॉलम-बीमला कटर लावू द्यायचा नाही. वायर पाइपमधूनच, नुसती सिमेंटमध्ये नाही. झिरी भरताना वर चिकन मेश (तारेची बारीक जाळी) लावा, नाहीतर तिथे भेग पडते.

गंगापूररोडकर:
वरचं सगळं बरोबर, त्यात दोन गोष्टी माझ्याकडून. जुन्या घरात तीन पिनचा सॉकेट असतो पण अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते, ते आधी तपासून घ्या. आणि डीबीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच, आहे का बघा. एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की पडणारा स्विच, वायरला वाचवतो, ओल्या हाताच्या माणसाला वाचवायला आरसीसीबीच लागतो. सासूबाईंसाठी हे टाइलच्या आधी करा, पैसे कमी पडले तर टाइल नंतर होईल.
टाइल फोडायची नसेल तर भिंतीवरून केसिंगची पट्टी (वायर झाकणारी प्लास्टिकची पट्टी) मारा, दिसायला थोडी वेगळी दिसते पण काही झालं तर उघडता येते. फक्त गॅसच्या शेगडीच्या वरून नेऊ नका.

सिडकोची_ताई:
खूप धन्यवाद दोघांना. जुन्या बोर्डाचं काय करायचं? तिथली वायर तशीच ठेवली तर चालेल?

पंचवटीचा_वायरमन:
नाही ताई, ती वरच्या बॉक्सपासूनच सोडवून ओढून काढा, मग खाली बॉक्सवर ब्लँक प्लेट. काम करताना मेन बंद केला तरी इन्व्हर्टर चालू असेल तर काही पॉइंटला करंट राहतो, म्हणून इन्व्हर्टरही बंद करायला लावा आणि टेस्टर लावून बघितल्याशिवाय कोणालाच हात लावू देऊ नका. आणि प्लास्टर करायच्या आधी झिरीचे फोटो मोजायची टेप धरून काढून ठेवा, ओट्यापासून किती इंचावर पाइप आहे ते दिसलं पाहिजे. वायरमन लायसन्सवालाच बघा.