बॉल मशीन घ्यावे का? आणि त्याच्यासमोर जमणारा फोरहँड सामन्यात कुठे जातो?

मुलुंडची बेसलाइन

नमस्कार.

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या पोडियमवर एक सिंथेटिक टेनिस कोर्ट आहे आणि आठवड्यातून तीन दिवस सकाळी सहा ते सात ही वेळ माझ्या वाट्याला येते. माझे वय ४७ आहे. कॉलेजात असताना मी बऱ्यापैकी खेळत असे. मधली वीस-बावीस वर्षे लोकलमध्ये आणि ऑफिसात गेली आणि गेल्या दिवाळीपासून पुन्हा रॅकेट हातात घेतली आहे. अडचण आहे ती जोडीदाराची. माझ्याखेरीज सोसायटीत खेळणारे तिघे आहेत, पण एकाची रात्रपाळी असते, दुसऱ्याचा गुडघा कुरकुरतो आणि तिसऱ्याची सकाळ रविवारीच उजाडते. त्यामुळे तीनपैकी दोन दिवस मी भिंतीशी खेळून घरी परततो.

म्हणून बॉल मशीन, म्हणजे एकामागून एक चेंडू फेकणारे यंत्र, विकत घेण्याचा विचार आहे. दीड लाखापर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. अकरा वर्षांची मुलगीही टेनिस शिकते आहे, तेव्हा यंत्र दोघांच्याही उपयोगी पडेल असा माझा हिशेब आहे.

मात्र एका अनुभवाने मी साशंक झालो आहे. गेल्या महिन्यात एका अकादमीत तासाच्या भाड्याने यंत्र मिळाले, तेव्हा चार वेळा जाऊन आलो. चौथ्या दिवशी माझा फोरहँड, म्हणजे रॅकेटच्या हाताच्या बाजूचा फटका, असा बसला होता की माझे मलाच कौतुक वाटावे. त्याच रविवारी सामना खेळलो, तर तोच फोरहँड एकदा जाळ्यात आणि एकदा थेट मागच्या कुंपणावर. तेव्हा मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत: यंत्र निवडताना नेमके काय पाहावे, आणि त्याच्यासमोर केलेला सराव सामन्यात उतरत नसेल तर चूक यंत्राची की माझी?

ठाणे टॉपस्पिन

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर माझ्यापेक्षा जाणकार मंडळी येथे आहेत, म्हणून मी निवडीपुरतेच लिहितो. माझ्याकडचे हे दुसरे यंत्र आहे. पहिले घेताना मी जे विचारायला हवे होते ते विचारले नव्हते.

बहुतेक यंत्रांत एकमेकांच्या उलट फिरणारी दोन चाके असतात. त्यांच्यामधली फट चेंडूपेक्षा थोडी अरुंद असते, त्यामुळे चेंडू तिच्यात दाबला जाऊन वेगाने बाहेर फेकला जातो. वरचे चाक अधिक जोरात फिरले तर टॉपस्पिन मिळतो, म्हणजे चेंडू पुढच्या दिशेने फिरत येतो आणि पडल्यावर उंच उसळतो; खालचे अधिक जोरात फिरले तर बॅकस्पिन, म्हणजे उलटी फिरकी. म्हणून दोन्ही चाकांच्या वेगातला फरक आपल्याला कमीजास्त करता येतो का, हे सर्वांत आधी विचारावे. माझ्या पहिल्या यंत्रात ती सोय नव्हती. त्यातून येणारा चेंडू कायम सपाट असे, आणि सिंथेटिक कोर्टवर खांद्यापर्यंत उसळणाऱ्या चेंडूचा सराव मला दोन वर्षे मिळालाच नाही. हवेच्या दाबावर चालणारीही यंत्रे असतात आणि त्यांत चेंडू कमी झिजतात, परंतु ती अवजड असून त्यांना सहसा विजेची जोडणी लागते. सोसायटीच्या कोर्टसाठी तो विचार सोडून द्यावा.

दुसरी बाब म्हणजे चेंडू डावी-उजवीकडे फेकण्याची रीत. काही यंत्रांत अख्खे यंत्र किंवा त्याचे तोंड वळताना दिसते, आणि दोन-चार दिवसांतच आपले डोळे त्या तोंडाकडे पाहून पुढचा चेंडू कुठे येणार ते ओळखू लागतात. वळणारा भाग पेटीच्या आत असलेले यंत्र मिळाले तर थोडे जास्त पैसे मोजावेत, असे माझे मत आहे. ऑस्ट्रेलियाच्या स्पिनशॉटसारख्या यंत्रांत प्रत्येक चेंडूचा वेग, फिरकी आणि दिशा वेगवेगळी ठरवून क्रम लावता येतो; ही सोय उत्तम आहे, पण पहिल्या वर्षी तिचा वापर फारसा होत नाही. अमेरिकेच्या लॉबस्टरची साधी यंत्रे दणकट आहेत आणि त्यांत दीडशेच्या आसपास चेंडू मावतात. ट्रॉली बॅगेसारखे दिसणारे स्लिंगरचे यंत्र गाडीच्या डिकीत बसते, त्यात १४४ पर्यंत चेंडू राहतात, पण त्याचा कमाल वेग ताशी सुमारे ७२ किलोमीटर आहे आणि ते दोन्ही बाजूंना फिरवायचे असेल तर खाली वेगळा फिरता तळ बसवावा लागतो. मुलीसाठी ते पुरेल. तुमच्यासाठी वर्षभराने अपुरे पडेल.

यंत्राच्या टोपलीत किती चेंडू मावतात या आकड्यावर मात्र भाळू नका. दर ६ सेकंदांनी एक चेंडू या गतीने १०० चेंडू १० मिनिटांत संपतात आणि एकट्याने ते वेचायला आणखी पाच-सहा मिनिटे जातात. यंत्र आणणे, लावणे, आवरणे हे धरले तर तुमच्या एका तासात तीन फेऱ्या होतील. माझ्याकडे ७२ चेंडू आहेत, म्हणजे तीन-तीनचे दोन डझन डबे, आणि ते मला पुरतात. उरलेले पैसे चेंडू वेचण्याच्या नळीवर किंवा जाळीच्या टोपलीवर खर्च करावेत. पन्नाशी जवळ आली की कंबर आभार मानते.

जिमखान्याचा कोपरा

मी दादरच्या बाजूला चाळीस वर्षांहून अधिक काळ खेळतो आहे आणि तुमचा फोरहँड कुठे गेला हे मला ठाऊक आहे, कारण माझाही एकदा तिथेच गेला होता.

आपल्या जिमखान्यांत पूर्वीपासून मार्कर असत, अजूनही काही ठिकाणी आहेत. सभासदाला जोडीदार नसला की मार्कर समोर उभा राहतो आणि ठरलेल्या पैशांत तासभर चेंडू परतवतो. चांगला मार्कर तुमचा चेंडू कसा आला ते पाहून पुढचा देतो. तुम्ही मागे पडलात की थोडा हळू, तुम्ही पुढे सरसावलात की पायाशी. त्याच्या खांद्यावरून आणि रॅकेटच्या तोंडावरून चेंडू कुठे येणार हे वाचायला आपण नकळत शिकतो. यंत्राला खांदा नाही. चेंडू फटीतून बाहेर पडेपर्यंत वाचण्यासारखे काहीच नसते, आणि ठरावीक सेकंदांनी, त्याच उंचीवर, त्याच वेगाने तो येत राहिला की पाय हळूहळू वाचणे सोडून देतात. तुम्ही चार दिवसांत फोरहँडचा घुमाव सुधारलात, हे खरे आहे. पण रविवारी घुमावाच्या आधीची तीन कामे करायची होती, ती म्हणजे चेंडू ओळखणे, तिथे पोहोचणे आणि तो कुठे मारायचा हे ठरवणे. त्यांचा सराव झालाच नव्हता. तेव्हा चूक यंत्राची नाही आणि पूर्णपणे तुमचीही नाही. ते ज्या प्रकारे लावले होते त्याची आहे.

माझा अंदाज असा की अकादमीत यंत्र समोरच्या बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेच्या, बरोबर मध्यभागी ठेवले असणार. सामन्यात मधोमध उभे राहून कोण मारतो? बहुतेक चेंडू तिरके, कोपऱ्यातून येतात. यंत्र एका कोपऱ्यात ठेवा आणि चेंडू तिरकाच परत करा. एकेरीच्या कोर्टची लांबी ७८ फूट आहे, पण एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत सुमारे साडेब्याऐंशी फूट भरतात, आणि तिरका चेंडू जाळ्याच्या मध्यावरून जातो, जिथे उंची ३ फूट असते. खांबाशी ती साडेतीन फूट होते. म्हणजे जागा जास्त आणि अडथळा कमी. आधी हा फटका पक्का करावा आणि मगच कडेच्या रेषेलगतचा सरळ फटका मारायला घ्यावा.

दोन चेंडूंमधले अंतर सुरुवातीला ६ सेकंदांपेक्षा कमी करू नका. आमच्यासारख्यांच्या खेळात आपल्या एका फटक्यापासून दुसऱ्या फटक्यापर्यंत साधारण तीनेक सेकंद जातात, म्हणून लोक उत्साहाने यंत्रही ३ सेकंदांवर लावतात आणि मग एका जागी उभे राहून हात फिरवत राहतात. फटका मारला की बेसलाइनच्या मध्यखुणेकडे परत यायचे, आणि यंत्रातून चेंडू सुटताना दोन्ही पायांवर हलकी उडी घेऊन तयार व्हायचे, ज्याला स्प्लिट स्टेप म्हणतात. परत येण्याइतका वेळ राहत नसेल तर अंतर वाढवावे. त्यात कमीपणा नाही. सलग दहा-बारा चेंडूंनंतर रिमोटने थांबवून श्वास घ्यावा, कारण थकलेल्या हाताने मारलेले पुढचे तीस चेंडू चुकीचाच घुमाव पक्का करतात आणि त्याचे बिल कोपराकडून वसूल होते.

हे जमले की दिशा बदलती ठेवावी आणि स्वतःला एक नियम घालावा: चेंडू जाळे ओलांडायच्या आत तो तिरका मारायचा की रेषेलगत, हे मनाशी ठरवायचे आणि मग निर्णय बदलायचा नाही. फटके बिघडतील. बिघडू द्यावेत, रविवारी बिघडत होते तेच आता मंगळवारी बिघडते आहे एवढाच फरक आहे, आणि मंगळवारी गुण मोजले जात नाहीत.

यंत्राचे वेड नवीन नाही. फ्रान्सचे रने लाकोस्त १९२५ आणि १९२८ साली विम्बल्डन जिंकले. त्यांनी त्याच दशकात हाताने दांडा फिरवून चालवायचे चेंडू फेकणारे यंत्र स्वतःच्या सरावासाठी तयार केले होते. ज्यांच्या ब्रँडचे, मगरीचे चिन्ह असलेले नकली शर्ट आम्ही फॅशन स्ट्रीटवर घासाघीस करून घेत असू, तेच हे लाकोस्त. पण ते सामने माणसांशीच खेळत होते. तुमच्या तीन दिवसांपैकी दोन यंत्राला द्या आणि तिसरा काहीही करून माणसासाठी राखा, मग तो मार्कर असो की रविवारी उजाडणारा शेजारी.

पावसाळी कोर्ट

वरच्या दोघांनी महत्त्वाचे सगळे लिहिले आहे. मी बोरिवलीच्या सोसायटीत यंत्र सांभाळते, म्हणून फक्त सांभाळण्याविषयी लिहिते.

जून ते सप्टेंबर यंत्र बंद राहणार, हे गृहीत धरूनच खरेदी करा. ओला चेंडू चाकांच्या मध्ये घसरतो, जवळच पडतो किंवा अडकतो, आणि त्याच्यासोबत कोर्टवरची शेवाळी माती चाकांना चिकटते. लेड-ॲसिड बॅटरी उतरलेल्या अवस्थेत चार महिने पडून राहिली तर ती बहुधा पुन्हा धड चालत नाही. आमची पहिली बॅटरी अशीच गेली, कारण क्लब हाउसच्या खोलीत यंत्र ठेवून आम्ही सगळे दहीहंडीपर्यंत विसरलो होतो. महिन्यातून एकदा ती पूर्ण चार्ज करावी. लिथियमची असेल तर साधारण अर्धी भरून ठेवावी. यंत्र तळघरात ठेवू नये, हे मुंबईत वेगळे सांगायला नको.

चेंडू सगळे एकाच वयाचे असू द्यावेत. डबा उघडल्यावर हवा भरलेल्या चेंडूचा दाब काही आठवड्यांत उतरतो, आणि नवे-जुने एकत्र टाकले तर त्याच वेगावर एक बेसलाइनशी पडतो आणि दुसरा सर्व्हिस लाइनशी. मी आता बिनदाबाचे चेंडू वापरते. ते हाताला कडक लागतात, पण त्यांची उसळी रबराच्या जाड कवचातून येत असल्याने टिकते. जुना चेंडू तपासायचा असेल तर अंदाज सोपा आहे: नियमाप्रमाणे २५४ सेंटिमीटरवरून सोडलेला चेंडू १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळायला हवा, म्हणजे डोक्याच्या उंचीवरून सोडला तर तो निम्म्या उंचीच्या थोडा वरपर्यंत यायला हवा.

कमिटीची लेखी परवानगी आधीच घ्या. आमच्याकडे तक्रार आवाजाची आली नाही, ती पार्किंगमधल्या गाडीवर पडलेल्या लॉबची, म्हणजे उंच उडवलेल्या चेंडूची, आली. तुमचे कोर्ट पोडियमवर आहे, तेव्हा कुंपणाची जाळी किती उंच आहे ते पाहूनच यंत्राचा कोन वर करा.

मुलुंडची बेसलाइन

सर्वांचे मनापासून आभार. जिमखान्याच्या काकांचा अंदाज अचूक आहे. यंत्र मध्यभागीच होते आणि मी ते ३ सेकंदांवर लावले होते. आता अकादमीत आणखी महिनाभर भाड्याने, पण कोपऱ्यात ठेवून खेळून पाहतो आणि मगच खरेदीचे ठरवतो. ताई, मुलीविषयी एक शंका आहे. ती सध्या मुलांसाठीच्या, हिरव्या ठिपक्याच्या चेंडूंनी खेळते. ते यंत्रात चालतील का?

पावसाळी कोर्ट

चालतील. हिरव्या ठिपक्याचा चेंडू नेहमीच्या पिवळ्यापेक्षा साधारण २५ टक्के हळू असतो आणि आकाराने जवळपास तेवढाच असतो, त्यामुळे चाकांत नीट बसतो. फक्त तो मऊ असल्याने तुमच्या वेगावर जवळ पडेल. तिच्या फेरीपूर्वी वेग आणि कोन नव्याने लावून पाच-सहा चेंडू न मारता नुसते सोडून पाहा. दोन्ही प्रकार एका टोपलीत मिसळू नका. लहान मुलांचे मोठे, स्पंजचे चेंडू मात्र मुळीच घालू नका.

आणि रिमोट नेहमी तुमच्याच हातात असू द्या. ती चेंडू वेचायला जाळ्यापलीकडे जाईल तेव्हा यंत्र नुसते थांबवून चालत नाही, मुख्य बटण बंद करावे. चेंडू अडकला तरी तिने टोपलीत हात घालायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा. आमच्याकडे ही सूचना यंत्रावर मोठ्या अक्षरांत चिकटवली आहे, कारण हात घालण्याचा मोह मुलांपेक्षा त्यांच्या वडिलांनाच जास्त होतो.