कॉलेज रोड ते सातपूर रोज सायकल, लॉक कुठलं घेऊ?

नमस्कार मंडळी, नाशिकला सातपूर एमआयडीसीत सायकलने जायचं ठरवलंय, गिअरवाली आहे आणि गेटबाहेरच लावावी लागेल. लॉक सुचवा. त्र्यंबक रोडला सकाळी ट्रक-बस असतात त्याचीही धास्ती आहे.

सातपूरकर: केबल लॉक नकोच, कटरने लगेच तुटतं. यू-लॉक (यू आकाराच्या जाड लोखंडी दांड्याचं) घ्या अन् फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही खांबाला अडकवा, नुसतं पुढचं चाक बांधलं तर क्विक रिलीज (चाकाची हाताने उघडणारी खिट्टी) उघडून चाक तिथंच सोडून बाकी सायकल नेतात. पेडलच्या मधल्या भागाखाली बहुतेक फ्रेम नंबर असतो, त्याचा फोटो आणि बिल जपून ठेवा, पोलिसात तक्रार देताना खूप उपयोगी पडतं.

गंगापूर_रोड: दादा, सिग्नलला ट्रक-बसच्या डाव्या बाजूने पुढे घुसू नका प्लीज, ड्रायव्हरला तिथलं दिसत नाही आणि त्याने डावीकडे वळवलं तर जागाच उरत नाही, मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. उभ्या गाड्यांपासून मीटरभर लांब, दार अचानक उघडतं. मागे लाल लाइट पावसाळ्यात दिवसाही चालू ठेवा.

प्रश्नकर्ता: धन्यवाद! वाटेतल्या एबीबी सर्कलच्या चौकात काय करू?

गंगापूर_रोड: गर्दी असली तर उतरून हातात धरून क्रॉस करा.